तिसरा थर्मामीटर

पारा एकदा फरशीवर सांडला, की तो सगळा कधीच गोळा होत नाही. पुठ्ठ्यानं कितीही ओढा, दोन-चार थेंब कपाटाखाली जातातच. मग दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं, की कोपऱ्यात एक थेंब चकाकत बसलेला! आमच्या मंडळींचे किस्से तसेच आहेत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागून दुसरा घरंगळत येतो. ऐकणारे हसतात, म्हणतात, "अजून एक होऊ द्या." पारा विषारी असतो, हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

आधी मंडळी कोण ते सांगतो. धाराशिवात माझं चष्म्याचं दुकान आहे. जुने बॅरोमीटर, थर्मामीटर, पाऊस मोजायची भांडी, असली हवामानाची उपकरणं गोळा करायचा नाद आम्हा चौघांना. एक मी. दुसरे बेंबळीचे लोमटे सर, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. तिसरे परंड्याचे डॉक्टर गरड. आणि चौथे कादरभाई, इथल्याच जुन्या बाजारात पितळ आणि फर्निचर घेणारे-विकणारे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, नवीन काय मिळालं ते दाखवायचं, चहा प्यायचा आणि भांडायचं. लोकांनी आमचं नाव 'हवा मंडळ' ठेवलंय. माझी बायको म्हणते, "नाव बरोबर आहे. हाताला कुणाच्याच काही लागत नाही."

मंडळाचा नियम एकच, आणि तो सरांनी घालून दिलेला. दोन उपकरणांचं जुळलं नाही, तर वाद घालायचा नाही. तिसरं आणून शेजारी ठेवायचं. ज्या दोघांचं जुळेल ते खरं, उरलेलं खोटं. आमच्यात आवाज चढले की सर हात वर करायचे आणि म्हणायचे, "तिसरा आणा!" झालं, विषय संपला. वर्गात पोरांना गप्प करावं तसं ते आम्हाला गप्प करायचे, आणि आम्ही व्हायचोही.

*

कादरभाईंना हा नाद लागला तो घड्याळ समजून घेतलेल्या एका वस्तूमुळं. जुन्या जिनिंग मिलचं सामान विकायला निघालं होतं, त्यात त्यांना एक गोल पितळी तबकडी मिळाली. काटे दोन, आकडे इंग्रजी, चावी कुठंच नाही. बंद घड्याळ म्हणून त्यांनी ती दुकानात खिळ्याला लटकवली. एकदा सर तिथं खुर्ची बघायला गेले आणि खुर्ची विसरून भिंतीकडं बघत राहिले.

"कादरभाई, हे घड्याळ नाही हो. बॅरोमीटर आहे! हवेचा दाब दाखवतो."

तबकडीवर वादळ, पाऊस, बदल, उघाड, अगदी कोरडं, असं इंग्रजीत लिहिलेलं. काटा मात्र वादळाच्याही पलीकडं जाऊन बसलेला. आता हे यंत्र साहेबानं समुद्रकाठच्या गावासाठी बनवलेलं आणि आपण राहतो बालाघाटाच्या माथ्यावर. इथं हवेचा दाब मुळातच कमी, त्यामुळं काटा बारा महिने वादळावर! पण हे बाजारातल्या लोकांना कुठं ठाऊक? त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, गावोगाव टँकर चालू होते. कादरच्या दुकानातलं यंत्र वादळ दाखवतंय, अशी बातमी फिरली. लोक येऊन काटा बघून जायला लागले. भाजी विकणारी कोंडाबाई तर रोज सकाळी टोपली दाराशी टेकवून काट्याला हात जोडायची.

सरांना ते खोटं सहन होईना. त्यांनी एक दिवस पेचकस मागितला, मागचा स्क्रू फिरवला आणि काटा इथल्या उंचीप्रमाणं बरोबर लावून दिला. काटा गेला तो थेट 'अगदी कोरडं'वर. कादरभाई म्हणाले, "सर, दुकान हाय तिथंच हाय. समुंदर तेवढा हितं आणलात तुमी!"

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई आली. काटा भलतीकडंच! कादरभाईंनी तिला सगळं समजावलं, की सरांनी मागचा स्क्रू फिरवला म्हणून काटा सरकला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "त्यांच्या हातात व्हतं व्हय? मग त्यास्नी म्हणावं, परत फिरवा की वो तिकडं!"

आम्ही हा किस्सा सांगून पुष्कळ हसलो. सर हसले नाहीत. पाऊस येईपर्यंत ते त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

*

सरांच्या पत्नी कमलवहिनी. मंडळाच्या सभासद नव्हत्या, पण सगळ्यात जास्त सोसलं त्यांनीच. घरात पाहुण्याला टेकायला जागा नाही आणि भिंतीला मात्र यंत्रं लटकलेली. तरी रविवारी आमची वाट त्याच बघायच्या. आम्ही दारात दिसलो की आतून आवाज यायचा, "आली बगा हवा!"

एकदा परंड्याला डॉक्टरांच्या घरी दोन बॅरोमीटरांचं जुळेना. सरांनी फोनवरच निकाल दिला, "तिसरा आणतो!" सरांकडं पाऱ्याचा उभा बॅरोमीटर होता, लाकडी चौकटीत काचेची लांब नळी बसवलेला. तो कापडात गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन सर एसटीत बसले. शेजारी वहिनी, त्यांना परंड्याचा किल्ला बघायचा होता. मागच्या सीटवर मी आणि कादरभाई. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय सर, बंदूक?" सर म्हणाले, "नाही, हवा मोजायचं यंत्र." कंडक्टरला बंदूक परवडली असती.

बार्शीच्या पुढं एका स्पीड ब्रेकरवर गाडी अशी उडाली, की नळी मधोमध तुटली. पारा सांडला. सीटखालून तो चमकत निघाला आणि गाडीनं ब्रेक दाबला तसा पार ड्रायव्हरपर्यंत पळत गेला. मग काय विचारता! "चांदी सांडली, चांदी!" लोक खाली वाकले. एकीनं पदरात धरायला बघितलं. एका म्हाताऱ्यानं तर गुडघ्याला चोळायला सुरुवात केली. सर उभे राहून ओरडताहेत, "हात लावू नका! विषारी आहे, विषारी!"

म्हाताऱ्यानं चोळता चोळता मान वर केली. "इषारी हाय तर मांडीवर घिऊन कशाला बसला व्हता?"

वहिनींनी वाकून पदरानं पारा एका जागी लोटायला मदत केली. परंड्याला पोचल्यावर बघतो तर त्यांच्या मंगळसूत्राच्या वाट्या पांढऱ्याफटक! पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. डॉक्टरांच्या घरच्या बायका चपापल्या, एकीनं तर तोंडावर हात घेतला. सर लगेच ते का होतं हे समजावून सांगायला लागले. वहिनींनी वाट्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या नादापायी केस तर कवाच पांढरे झाले व्हते. आता सोनंबी झालं!"

*

पावसाचं भांडं हा आणखी एक प्रकार. सरांनी अंगणात पितळेचं जुनं पर्जन्यमापक बसवलं होतं. रोज सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडायच्या आधी, ते त्यातलं पाणी मोजायचे आणि आकडा दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहायचे. पाऊस असो नसो. नसला तर शून्य लिहायचं. आता आपल्याकडचा श्रावण तुम्हाला माहीत आहे. दाराच्या मागं शून्यांची रांग लागायची, आणि सरांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत जायचा.

एका सकाळी सर भांड्याजवळून ओरडतच आले, "कमल! पाऊस झाला!" अंगण कोरडं, पत्रा कोरडा, शेजारच्यांची वाळवणं कोरडी आणि भांड्यात पाणी. सरांनी चष्मा पुसला, परत बघितलं. मग सगळ्या गल्लीत विचारून आले, रात्री कुणी पावसाचा आवाज ऐकला का.

शेवटी वहिनींना राहवलं नाही. "अवो, म्या ओतलं. रोज रोज त्ये शून्य बगून तुमचं त्वांड कसनुसं व्हतंय. बगवंना मला."

आम्ही सगळे ओसरीवर बसलेलो. कादरभाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं, आता सर काहीतरी छान बोलणार.

सर म्हणाले, "किती ओतलंस?"

"आसंल तांब्याभर."

"तांब्याभर म्हणजे किती? मोजून ओतायचं ना! आता वजा काय करू?"

वहिनींनी आमच्याकडं बघितलं आणि हसत चहा ठेवायला आत गेल्या. मला त्या वेळी हा किस्सा फार विनोदी वाटला होता.

*

डॉक्टर गरडांचं मनगट हा स्वतंत्र विषय आहे. आयुष्यभर तापाचे थर्मामीटर झटकून झटकून त्यांच्या हाताला अशी सवय लागली आहे, की बोटांत काहीही लांबट बारीक आलं की ते झटकतात आणि डोळ्यांसमोर आडवं धरून बघतात. पेन झटकतात. टूथब्रश झटकतात. मी नवीन चष्म्याची काडी हातात दिली तर तीही झटकली.

कादरभाईंनी एकदा त्यांना बजावलं होतं, "डॉक्टर, तुमी कदी मरणाच्या घरी जाऊ नका."

पण जावं लागलं. परंड्यात डॉक्टरांचा जुना पेशंट वारला. किराणा दुकानदार, बरेच दिवस तापानं अंथरुणाला खिळलेला. डॉक्टर रोज जाऊन बघायचे. त्या दिवशी आम्ही तिघं परंड्यातच होतो, म्हणून सोबत गेलो. तिरडी बांधून झाली होती. कुणीतरी डॉक्टरांच्या हातात पेटलेली उदबत्ती दिली. डॉक्टरांनी ती घेतली, झटझट झटकली आणि डोळ्यांसमोर आडवी धरली! राख सगळी तिरडीवर. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते उदबत्तीसकट जागच्या जागी गोठले.

मेलेल्याचा थोरला भाऊ पुढं झाला. त्यानं डॉक्टरांच्या हातातली उदबत्ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या डॉक्टर. उतरला आता त्याचा ताप."

*

आता पुढचं सांगतो. हा काही किस्सा नाही. पण हा वगळला तर बाकीचे कळणार नाहीत, म्हणून सांगतो. मी तिथं नव्हतो. कादरभाई होते, आणि त्यांनी सांगितलं ते असं.

वहिनींना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी उठता येईना. सरांकडं ताप मोजायचे थर्मामीटर दोन. एक विलायती, चांदीच्या नळकांड्यातला, सरांच्या संग्रहाचा जीव की प्राण. दुसरा त्यांचा शाळेच्या वेळचा, साधा. सरांनी दोन्ही लावले. विलायती म्हणतोय एकशे एक, साधा म्हणतोय एकशे चार. परत लावले, परत तेच. एकशे एक असेल तर गोळी देऊन पडून राहायचं, एकशे चार असेल तर उचलून दवाखान्यात. कुठला खरा?

सरांनी कादरभाईंना फोन केला. "तिसरा आणा!"

बेंबळीत काय डॉक्टर नव्हता? होता की. शेजारी जीप नव्हती? होती. पण सरांना आधी कळायला हवं होतं. आणि मी त्यांना दोष कुठल्या तोंडानं देऊ? आम्ही चौघंही तसेच. आमच्यातल्या प्रत्येकानं आधी तिसराच मागवला असता.

कादरभाई धाराशिवहून मोटारसायकलवर निघाले. त्यांच्याकडं हवेचे थर्मामीटर ढीगभर, अंगाचा एकही नाही. वाटेत मेडिकलमधून त्यांनी एक साधा विकत घेतला, प्लॅस्टिकच्या डबीतला. सरांच्या घरी पोचले, वहिनींच्या तोंडाकडं बघितलं आणि दारातूनच म्हणाले, "सर, मीटर-बीटर ऱ्हाऊ द्या. गाडी काढा आधी."

सर म्हणाले, "आलाच आहात तर लावून बघू. एक मिनिट."

वहिनींनी स्वतःच तोंड उघडलं. त्यांनाही माहीत होतं, त्याशिवाय ह्या माणसाचं समाधान होणार नाही. थर्मामीटर काढला. एकशे चार. साध्याशी जुळला, विलायती खोटा ठरला.

"सुभाषभाऊ," कादरभाई मला सांगत होते, "त्या टायमाला सर बोलले, 'जुळलं!' आन् हसले. खुदा की कसम, हसले. पोरगं पास झाल्यावानी."

आणि वहिनी खाटेवरून म्हणाल्या, "जुळलं ना? मग चला आता."

दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं आधी आणायला हवं होतं. त्यांनी ते चिडून नाही, अगदी सहज म्हटलं, आणि सर मान हलवत राहिले. वर्गात एखाद्यानं बरोबर उत्तर दिलं की ते अशीच मान हलवायचे.

*

तेराव्यानंतर सरांनी ते दोन्ही थर्मामीटर डॉक्टरांना देऊन टाकले, चांदीच्या नळकांड्यासकट. विकत आणलेला तिसरा मात्र ठेवला. काचेच्या कपाटात, सगळ्या पितळी वस्तूंच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या डबीत. तापाच्या थर्मामीटरची गंमत अशी, की पारा एकदा चढला की चढला. तोंडातून काढा, गार पाण्यात ठेवा, वर्षभर ठेवा, झटकल्याशिवाय तो खाली येत नाही. वहिनींचा शेवटचा ताप त्यात तसाच होता. एकशे चारच्या रेघेवर.

रविवारी गेलो की आम्ही डॉक्टरांना कपाटापासून लांब बसवायचो. डॉक्टर स्वतःच हात मांड्यांखाली दाबून बसायचे.

पण एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. पारा खाली येत नाही हे खरं, वर तर जातो! एकशे चार म्हणजे आपल्या उन्हाळ्याचे चाळीस अंश सेल्सियस. बेंबळीत पत्र्याखाली मे महिन्यात चाळीस म्हणजे काहीच नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी सर माझ्या दुकानात आले, घामानं निथळत. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या दुकानात एसी आहे.

"सुभाषराव, एवढा पाऊस पडेपर्यंत तुमच्याकडं ठेवा. रेघभर जरी वर चढला तर तो तिचा ताप राहणार नाही. मे महिन्याचा होईल."

मी ठेवून घेतला. चष्म्यांच्या खालच्या खणात, गिऱ्हाइकांच्या हाताला लागणार नाही असा. तेव्हापासून हे दर उन्हाळ्याचं झालं. सर मधूनमधून येतात, खण उघडून बघतात, पाणी पिऊन जातात. गिऱ्हाइकांना वाटतं, हा बिचारा चष्म्याचा नंबर तपासायला फार येतो.

एका मे महिन्यात भर दुपारी आमच्या भागाची लाईट गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ दम धरला आणि मान टाकली. दुकानाची भट्टी झाली. मी थर्मामीटर माठाला टेकवून धरला, तर माठही कोमट. कादरभाईंना फोन केला. ते धावत आले, डबी घेतली आणि समोर बर्फाच्या गोळ्याची गाडी होती तिकडं पळाले. मीही मागोमाग. गोळेवाल्यानं बर्फ किसायला घेतला, कादरभाईंनी डबी मधे धरून त्यावर गोळा दाबून घेतला.

गोळेवाला बाटल्यांवर हात ठेवून म्हणाला, "कोंचा रंग टाकू, चाचा?"

"रंग नको बाबा," कादरभाई म्हणाले. "ह्याच्यात एक बाई हाय आमच्या घरची. एकशे चार ताप हाय तिला."

त्यानं एकदा गोळ्याकडं बघितलं, एकदा आमच्या दोघांकडं. "एकशे चार? मग दवाखान्यात न्या की वो! हितं काय करत बसलाय?"

आम्ही दोघं उन्हात गोळा धरून उभे राहिलो. त्याच्या बोलण्यात चुकीचं काहीच नव्हतं. कादरभाईंच्या कोपरावरून पाणी गळत होतं आणि ते मान खाली घालून ते गळतंय तसं गळू देत होते.

*

आता शेवटचा. हा यंदाच्या हिवाळ्यातला. रविवार सरांच्या घरचा होता. आम्ही तिघं डॉक्टरांच्या गाडीतून गेलो. दारात उभे राहिलो तर आत सामसूम. 'आली बगा हवा' म्हणणारं कुणी आता नसतंच, पण सरांचा खोकलाही ऐकू येईना.

सर खाटेवर, दोन गोधड्या पांघरून. दात वाजत होते. कपाटात, भिंतीवर, कोनाड्यात सगळीकडं थर्मामीटर, आणि मधोमध हा माणूस तापानं फणफणलेला. अंगणातलं पावसाचं भांडं पालथं पडलेलं. दाराच्या मागं खडूचे आकडे कधीपासून थांबले होते कोण जाणे. मला स्वतःचाच राग आला, महिनाभर आम्ही एक फोन केला नव्हता.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सर, उठा. दवाखान्यात जायचंय."

"किती आहे?" सरांनी विचारलं.

"खूप आहे. हाताला कळतंय."

"हाताला काय कळतं? मोजा."

डॉक्टर चहाला म्हणून आलेले, बॅग परंड्यातच राहिलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी कादरभाईंकडं. मोटारसायकलवर धाराशिवहून बेंबळीला आणलेला तिसरा आमच्या तिघांच्याही डोळ्यांसमोर उभा राहिला. कादरभाई पुढं झाले. "सर, हात जोडतो तुमाला. ह्या बारीला मोजू नका. गाडी दारात हाय."

सर म्हणाले, "मोजल्याशिवाय मी उठणार नाही." मग गोधडीतून एक हात बाहेर काढून त्यांनी कपाटाकडं बोट केलं. "तो काढा."

"तो?"

"तोच. घरात तापाचा दुसरा आहे कुठं?"

कपाट मी उघडलं. डबी मी काढली. थर्मामीटर डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांच्या बोटांत तो आला आणि हात सवयीनं वर गेला, खांद्याच्याही वर. कादरभाईंनी डोळे झाकून घेतले. सर मात्र उघड्या डोळ्यांनी त्या हाताकडं बघत होते. थांबा म्हणाले नाहीत, झटका म्हणाले नाहीत.

डॉक्टरांचा हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला, न झटकता. ज्या माणसानं तिरडीसमोर उदबत्ती झटकली, त्याचं मनगट आयुष्यात पहिल्यांदा हललं नाही! तशाच चढलेल्या पाऱ्यानिशी त्यांनी थर्मामीटर सरांच्या जिभेखाली ठेवला.

सरांनी ओठ मिटले. आम्ही कुणीच कुणाकडं बघितलं नाही. बाहेर शेजारची कोंबडी आरडत होती.

डॉक्टरांनी तो काढला, खिडकीच्या उजेडाला आडवा धरला.

"किती?" सरांनी विचारलं.

"एकशे चार."

"नीट बघा."

"नीट बघितलं, सर. रेघेवर आहे. एकशे चार."

सरांनी हात पुढं केला. थर्मामीटर घेतला, चष्मा डोळ्यांजवळ सरकवून स्वतः बघितला, आणि हसले. मग गोधडी बाजूला सारून कादरभाईंच्या खांद्याचा आधार घेत उभे राहिले.

"जुळलं," सर म्हणाले. "तिसरा नको. चला आता."